पहिल्या धवल्यानंतर

धवलारीण मावशींना डॉक्टरांसमोर खोटं "बरं आहे" म्हणता येत नसे. डोंबिवलीच्या फिजिओथेरपी केंद्रात आम्ही कंबरदुखीवाल्या बायका सवयीनं "बरं आहे" म्हणून मोकळ्या व्हायचो. मावशी म्हणायच्या, "बरा नाय. बरा असता तं तुझ्याकरं कशाला आले असते, बाय?" आमची फिजिओथेरपिस्ट केतकी मग हसून त्यांच्या शेजारी बसायची.

मुलांनो, या मावशी कल्याणजवळच्या एका आगरी गावातल्या. शेतांवर आता टॉवर उभे आहेत, पण लग्न निघालं की मांडवात जमिनीवर बसून धवले म्हणायला मावशीच लागत. धवले म्हणजे लग्नविधींची जुनी गाणी; ती म्हणणारी धवलारीण. तिच्यावाचून हळद लागत नाही. भाताच्या लावणीत उमेदीची वर्षं वाकलेली कंबर मात्र आता त्यांना बसू देईना.

ऑपरेशनची गरज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुखणं पुरतं जाईलच असं नाही, पण अंथरूण धरलंत तर वाढेल, असंही बजावलं होतं. केतकीनं मात्र निराळंच विचारलं, "मावशी, तुम्हाला काय करता यायला हवंय?"

"नातीची हलद हाय. तिचे धवले मीच म्हननार. दुसरी कुनी नाय."

"मग खुर्चीवर बसून म्हणा ना."

"खुर्चीव? मी काय पुढारी हाय?"

व्यायाम त्या मन लावून करत. हळूहळू चालणंही वाढलं. जरा बरं वाटताच त्यांनी घरी एका बैठकीत सगळे धवले म्हणून पाहिले आणि आडव्या झाल्या. पुन्हा आल्या त्या दारातूनच सांगत, "तुझा दोष नाय. मीच माजले."

केतकी रागावली नाही. तिनं चटई अंथरली, समोर मांडी घातली आणि म्हणाली, "आता इथं म्हणा. कंबर कुरकुरली की हात वर करा."

पहिला धवला नीट झाला. दुसऱ्याच्या मध्यावर हात वर गेला.

"म्हणजे पहिला झाला की उठायचं, थोडं चालायचं. दुखायची वाट बघायची नाही."

"धवलारीन मांडवान उठत नाय," मावशी ठसक्यात म्हणाल्या. मग कंबर चोळत म्हणाल्या, "पर धवला पुरा झाल्याव उठले, तं देव रागावाचा नाय. मधी मातर उठनार नाय, सांगून ठेवते."

"कबूल. पण पहिला धवला छोटा निवडायचा."

"लय हुशार हायस!" मावशींनी तिच्या पाठीत धपाटा घातला. तह झाला.

हळदीला केतकीला आणि मला मानानं बोलावलं होतं. पहिला धवला संपला, गुडघ्यावर हात टेकून मावशी उठल्या आणि नातीभोवती संथ फेरी घालू लागल्या. सुनांना वाटलं, हा विधीच आहे. त्या उठल्या, पाठोपाठ साऱ्या बायका उठल्या. मावशींनी कुणालाच थांबवलं नाही. जवळून जाताना केतकीला म्हणाल्या, "बघतंस काय? चल!" त्या रात्री एकही धवला राहिला नाही. निघताना मी विचारलं, "कंबर?"

"दुखते ना! पर सगले म्हनले."

इतकी ताठ उभी राहिलेली बाई मी क्वचितच पाहिली आहे.

गेल्या वर्षी मावशी गेल्या. यंदा त्याच गावात एका हळदीला गेले. नवी धवलारीण तरुण, कंबरेची काही तक्रार नसलेली. पहिला धवला संपताच ती उठली आणि अख्खा मांडव तिच्यामागून नवरीभोवती फिरू लागला. शेजारच्या मुलीला मी विचारलं, हे कशासाठी?

"आमच्यान पयल्यापासून असाच हाय, आजी."

मी पदर खोचला आणि फेरीत सामील झाले.