ओवेनच्या गाडीची शिट्टी

शीळफाट्याला माझं बॅटरीचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लावून सिरिलची शेड. टर्बो डिझेल गाड्यांना लागणारे हवेचे सिलिकॉन होज, म्हणजे इंजिनाला हवा नेणाऱ्या जाड नळ्या, तो हाताने बनवतो. कंपनीचा रबरी होज उष्णतेने नि तेलाच्या वाफेने तडकला, की गाडी काळा धूर ओकत, शिट्टी मारत त्याच्याकडे येते. लोखंडी साच्यावर सिलिकॉनचं कापड थरावर थर गुंडाळायचं, वरून पट्टी करकचून आवळायची नि भट्टीत भाजायचं, असं ते काम. गिऱ्हाईक निळा की लाल यावर अडून बसलं, की सिरिल विचारतो, "बॉनेट उघडं ठेवून चालवणारेस काय?" होज धड असला तर सरळ परत पाठवतो. धंद्यापुरतंही खोटं बोलणं या माणसाला कधी जमलं नाही.

आणि याच माणसाची स्वतःची गाडी शिट्टी मारत फिरायची.

गाडी खरं तर त्याच्या मुलाची, ओवेनची. आमचं गावठाण घोडबंदर रोडच्या टॉवरांमागे आहे. तिथे पोचताना शेवटी एक चढ लागतो. ओवेनने चढावर ॲक्सिलरेटर दाबला, की तडकलेल्या होजमधून लांब शिट्टी निघायची आणि घरात त्याची आई, एमिलिया, ताट वाढायला घ्यायची. सिरिल नवा होज घालू म्हणाला, तेव्हा ओवेन हसून म्हणालेला, "राहू दे, डॅडी. शिट्टी ऐकली की मम्मी वाढायला घेते. फोन करावा लागत नाही."

मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि ओवेन गेला. लग्नाचं बघत होते त्याच्या. देवावर माझा तेव्हा जो राग बसला, तो अजून उतरलेला नाही.

त्यानंतर गाडी सिरिल चालवू लागला आणि येता-जाता शेजारी मी. होज त्याने बदलला नाही, मीही विषय काढला नाही. राकेश म्हणून एक टॅक्सीवाला चेष्टेने म्हणाला, "काका, आधी स्वतःची गाडी तर बघा." सिरिलने त्याच्याशी बोलणंच टाकलं.

पुढे एमिलियाला विसरायला होऊ लागलं. चढावर शिट्टी वाजली की ती दारात येऊन म्हणायची, "ओवेन आला." सिरिल गाडीतून उतरून सांगायचा, "ओवेन नाही गं, मी. ओवेन गेला ना आपला." ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी खाली बसायची आणि रडायची. रोज संध्याकाळी त्या घरात ओवेन नव्याने जायचा. मला गाडीतून उतरायची भीती वाटू लागली.

शेवटी त्यांची मुलगी जेनिफर म्हणाली, "डॅडी, दुनियेच्या गाड्यांच्या शिट्ट्या तुम्ही बंद करता. आता ही पण करा."

सिरिलने होज बनवला. थर गुंडाळताना त्याचे हात सारखे थांबत होते. जुना होज मात्र त्याने फेकला नाही, सीटखाली ठेवला. त्या संध्याकाळी गाडी मुकाट चढ चढली आणि एमिलिया दारात आली नाही. आम्हाला वाटलं, सुटलो.

कसले सुटतो? शिट्टी नाही, म्हणजे पोरगा अजून वाटेत आहे. ती दाराशी खुर्ची टाकून बसू लागली. "ओवेनला आज उशीर झाला," एवढंच म्हणायची. वर्षाचा कुटून बाटल्यांत भरलेल्या बॉटल मसाल्याचं कालवण गार होऊन जायचं, पण ती जेवायला उठायची नाही. रडणं थांबलं होतं, पण हे वाट बघणं त्याहून वाईट होतं. ती दिवसेंदिवस वाळत चालली.

एक दिवस शीळफाट्याहून निघताना सिरिलने बॉनेट उघडलं. क्लिपा सैल करून आपल्या हातचा नवाकोरा होज काढला आणि सीटखालचा तडकलेला परत चढवला. चढावर त्याने ॲक्सिलरेटर पार दाबला आणि शिट्टी वाजली.

एमिलिया खुर्चीवरून उठली. "ओवेन आला," ती म्हणाली आणि ताट घ्यायला आत वळली.

जेनिफर बापाकडे बघत राहिली, मीसुद्धा. सिरिल काही क्षण उंबऱ्यातच उभा होता. मग त्याने हात धुतले आणि टेबलाशी ओवेनच्या जागेवर जाऊन बसला.

"आलो, मम्मी," तो म्हणाला. "वाढ."