निळी इरकल

आमच्या घरमालकीण अक्कांएवढी वजनदार लेखिका केशवापुरात दुसरी झाली नाही. हे मी त्यांचं हस्तलिखित स्वतः उचलून सांगतो आहे. दाजीबानपेठेत त्यांच्या मुलाचं साड्यांचं दुकान होतं. साड्यांच्या घडीत येणारे पुठ्ठे अक्का घरी आणत आणि त्यांवर कादंबरी लिहीत. कागद वाऱ्यानं उडतो, पुठ्ठा टिकतो, एवढंच त्यांचं साहित्यशास्त्र. वाचून दाखवायला मात्र कुणीही चाले. भाजीवालीला अर्धं प्रकरण ऐकल्याशिवाय टोपली उचलता येत नसे, आणि तिला मराठी येत नाही हे कळल्यावर अक्का तेच प्रकरण कानडीत रडून दाखवत.

गोष्ट एका लहान गावातल्या दोन बहिणींची. धाकटीला नागपूरचं स्थळ येतं, होकाराचं पत्र पोस्टमन हरवतो आणि लग्न मोडतं. नावं बदललेली होती, पण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं की खरं पत्र अक्कांनीच ज्वारीच्या डब्यात लपवलं होतं. बहीण लांब जाऊ नये म्हणून. पुढे बहीण धारवाडातच दिली, तासाभराच्या बसवर. पण पत्राचं कळलं त्या दिवसापासून एकोणीस वर्षं ती अक्कांशी बोललेली नव्हती.

“तिनं एकदा अक्का म्हणून हाक मारावी, बस्स. नाहीतर मला कशाला हवी ती कादंबरी?” असं त्या म्हणत आणि नवा पुठ्ठा घेत.

मुद्रितं मी तपासत होतो. एकदा धीर करून म्हटलं, “अक्का, यात पोस्टमनचा काय गुन्हा?”

“मास्तर, तुम्ही भाडेकरू की न्यायाधीश?”

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात एक नवा पुठ्ठा होता. पोस्टमन निर्दोष सुटला होता आणि पत्र ज्वारीत सापडलं होतं. छापून आलेली पहिली प्रत अक्कांनी धारवाडला पाठवली.

प्रकाशनाला प्रमुख पाहुणे कादंबरीतल्या ग्रामीण जाणिवेवर पाऊण तास बोलले. त्यांच्या प्रतीची रिबीन अजून सुटायची होती. अक्कांचं लक्ष दाराकडे. तेवढ्यात धाकटी आली, हातात पुस्तक, आणि थेट मंचावर चढली.

“अक्का, ते लोक बघायला आले तेव्हा मी निळी इरकल कुठं नेसले होते? हिरवी होती. तुझी! तूच नेसवलीस की!”

“हौदु गं, हिरवीच. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करते.”

“एकोणीस वर्षं पत्र लक्षात राहिलं, साडी नाही?”

“तू आधी चप्पल काढ, मंचावर सरस्वती आहे!”

माईक चालू होता. दोघी कडाकडा भांडल्या आणि दोघींच्या डोळ्यांना धारा लागल्या. पाहुण्यांना मिळाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या त्या भांडणाला पडल्या. एखादं पुस्तक इतकं यशस्वी झालेलं मी तरी पुन्हा पाहिलं नाही.

दुसरी आवृत्ती निघाली नाही, कारण पहिलीच खपली नाही. मग धाकटी दर रविवारी बसनं येऊ लागली. दोघी जिन्याखालच्या गठ्ठ्यातली एक प्रत काढत आणि पेनानं निळ्याचं हिरवं करत. एका रविवारी एकच प्रत. “आज आणखी एक करू या का?” असं मी विचारलं की दोघी मिळून माझ्यावर डोळे वटारत.

अक्का गेल्यावर मी तो गठ्ठा सोडून पाहिला. कितीतरी प्रतींत साडी अजून निळीच होती.