हात पाठीमागे बांधणारे आप्पा

कंटेनर डेपोच्या फाटकातून आत शिरले की आप्पा दोन्ही हात पाठीमागे बांधत. शेडमध्ये परदेशातून आलेल्या पेट्या रचलेल्या असत. हमाल त्यांना टेकून गप्पा मारत, ड्रायव्हर त्यांच्यावर डबा ठेवून जेवत, पण आप्पांनी एकाही पेटीला कधी बोट लावलं नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांची पाठ दुखत असेल. वडील पुढे गेले होते आणि मला विचारायचा धीर होईना. त्यांनीच ओळखलं.

"मॅडम, हा माल नाशकात आलाय, पण देशात अजून आलेला नाही. कस्टमचे साहेब ‘न्या’ म्हणेपर्यंत तो आपला नाही. परक्याच्या वस्तूला हात लावायचा नसतो."

मी तेव्हा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते. मला मॅडम म्हणणारे आप्पा पहिलेच. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून इंग्रजी कागद वाचायला वडील मला सोबत नेत. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. पेठकडच्या गावातून ते नाशकात सातपूरला आले, कारखान्यात हेल्परचे ऑपरेटर झाले आणि एके दिवशी नोकरी सोडून त्यांनी अंबडला भाड्याचा गाळा घेतला. एका कंपनीने शब्द दिला होता, की महिनाअखेर ग्राइंडिंगचं चांगलं मशीन चालू करून दाखवा, पार्ट्‌सचं काम तुम्हाला. दादांनी परदेशातलं एक जुनं मशीन मागवलं. ते सोडवून आणायचं काम आप्पांचं, कारण आप्पा क्लिअरिंग एजंट होते.

आप्पांचं ऑफिस म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि बाहेर उभी स्कूटर. तिथे बसून ते माल आणणाऱ्याला आधी एकच प्रश्न विचारत, "ही वस्तू काय काम करते?" त्यावर कोणता कर बसेल ते ठरायचं, म्हणून उत्तर नीट मिळेपर्यंत ते पेन उघडत नसत. एकदा माझ्यासमोर मालेगावचे एक व्यापारी आले होते. यंत्रमागाचे सुटे भाग मागवले होते त्यांनी.

"आप्पा, ‘जुनं लोखंड’ असं लिहून टाका ना. कोण बघतंय?"

"शेठ, जुनं लोखंड असेल तर भंगारवाल्याकडे न्या. माझ्याकडे कशाला आलात?"

शेठ हसले, मग रुसले, आणि शेवटी मागाचे सुटे भाग असंच लिहून घेऊन गेले.

आमची पेटी आली त्या दिवशी आप्पा कागद घेऊन कस्टमच्या खिडकीवर गेले. "इथंच थांबा, मी साहेबांना घेऊन येतो," एवढंच म्हणाले. मी कागद लावत एका बाकावर बसले होते. दादा पेटीभोवती फिरत होते. थोड्या वेळाने वर पाहिलं तर एका बाजूची फळी निघालेली, आणि आत हिरव्या रंगाच्या मशीनवर हळद, कुंकू आणि झेंडूचं फूल. दादा हात जोडून उभे होते. नवीन मशीन आलं की आधी पूजा, त्याशिवाय त्यांनी कधी बटण दाबलेलं नव्हतं. पुड्या खिशातच होत्या. पहार हमालाकडून मागून घेतलेली.

आप्पा परत आले आणि जागच्या जागी थांबले. तपासणीआधी पेटी फोडली, म्हणजे आतलं काहीतरी काढलं किंवा बदललं असाच अर्थ निघतो. माल अडकतो, चौकशी लागते. महिनाअखेर जवळ आली होती.

हमालाच्या लक्षात आलं. तो हळूच म्हणाला, "आप्पा, कुंकू पुसून टाकतो. दोन खिळे मारले की झालं."

"खबरदार," आप्पा म्हणाले. मी त्यांना तेवढ्या मोठ्याने बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. "आत्तापर्यंत देवाचं काम झालंय. पुसलं की चोरीचं होईल."

दादा आप्पांकडे वळले. "आप्पा, मला नाय माहीत व्हतं. आता मशीन जातं का माझं?"

"चला साहेबांकडे. जे केलं ते सांगा."

साहेबांनी सगळं ऐकलं आणि आप्पांकडे पाहिलं. "हे गृहस्थ आत कोणाच्या नावावर आले?"

"माझ्या, साहेब. यांना नियम सांगायचं काम माझं होतं. मी सांगितला नाही. तसं लिहून देतो."

त्यांनी उभ्या उभ्या लिहून दिलं. त्यांचा परवाना त्यावर जाऊ शकला असता, हे मला फार नंतर कळलं. साहेबांनी सगळी पेटी रिकामी करवली. मी यादीतलं एकेक नाव वाचत होते आणि हमाल तो भाग उचलून दाखवत होता. आप्पा शेजारी उभे, हात पाठीमागे. एकही भाग कमी किंवा जास्त निघाला नाही. संध्याकाळी साहेबांनी आप्पांना लेखी ताकीद दिली आणि मशीन सोडलं.

ट्रकवर चढवण्याआधी आप्पा पेटीजवळ आले. हात पुढे घेतले आणि कुंकवाशेजारी तळवा टेकवला. "आता लावा काय लावायचं ते," म्हणाले. दादांच्या पुड्या संपल्या होत्या. आप्पांनीच स्कूटरच्या डिकीतून मघाशी आणून ठेवलेला नारळ काढला. त्यानंतर एक नारळ डिकीत नेहमीच असे, आणि डेपोत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ते आधी सांगत, "पूजा बाहेर गेल्यावर. नारळ माझ्याकडे आहे."

मी तिसऱ्या वर्षाला असताना आप्पांनी काम बंद केलं. मुलगा बंगळूरला होता, तिकडेच राहायला जायचं ठरलं. निघायच्या दिवशी मी आणि दादा गेलो. टेम्पोत सामान चढत होतं. स्वतःच्याच कपाटाजवळ, स्वतःच्याच ट्रंकेजवळ आप्पा उभे होते, हात पाठीमागे बांधून.

दादांनी पिशवीतून नारळ काढला, पण पुढे केला नाही. "आप्पा, माल सुटला का? का थांबू अजून?"

आप्पा खूप हसले. हसता हसता डोळे पुसायला त्यांनी हात पुढे आणले. मग नारळ घेतला. मी नमस्काराला वाकले तेव्हा तोच हात माझ्या डोक्यावर आला आणि थोडा वेळ तिथेच राहिला.

"सुटला हो," ते म्हणाले. "न्या."