सगळ्यात खराब कॅसेट

आता फोनवर बोट फिरवलं की हवा तो सिनेमा सुरू होतो. व्हिडिओ लायब्ररी म्हणजे काय हे पोरांना सांगायला जावं, तर ती जांभया देतात. देऊ देत! जिन्याखालच्या त्या एवढ्याशा दुकानात मान वाकवून शिरायचं आणि "नवीन काय आलंय?" विचारायचं, त्यातली मजा त्यांना काय कळणार? शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. काउंटरमागे बसलेला असायचा रिवाइंड.

त्याचं खरं नाव फक्त त्याची आई वापरायची. बाकी सगळ्यांना तो रिवाइंडच. कॅसेट मागे न फिरवता कुणी परत आणली की त्याचं डोकं फिरायचं. "घरी जेवून ताट तसंच टाकून उठता का?" असं त्यानं डॉक्टरीणबाईंनासुद्धा सुनावलं होतं. बाई हसल्या म्हणून निभावलं. पण कॅसेटी अशा जपायचा की काय बिशाद एखादीला बुरशी लागेल! सकाळी आल्या आल्या मशीनचं हेड पुसायचं, मगच चहा.

अशा माणसानं एक दिवस जाहीर केलं, "कॅसेटचा जमाना संपला!"

त्याचं झालं असं, की एका कंपनीचा साहेब नवी डिस्क घेऊन आला होता. ताटाएवढी, चकचकीत. चित्र इतकं स्वच्छ, की हीरोच्या शर्टाची शिवण दिसावी. रिवाइंड वेडाच झाला. साहेब म्हणाला, एक जाहीर डेमो करू, तो रंगला तर गावची एजन्सी तुमची. एजन्सी म्हणजे हमरस्त्यावर काचेच्या दाराचं दुकान. जिन्याखाली डोकं आपटून आपटून कंटाळलेल्या रिवाइंडला झोपेतसुद्धा ते काचेचं दार दिसायला लागलं.

साहेबानं दोन गोष्टी बजावल्या. डिस्कशेजारी दुसऱ्या टीव्हीवर एक कॅसेट लावायची, जितकी खराब तितकी चांगली, म्हणजे लोकांना फरक कळेल. आणि "यात आपलं काही भरता येतं का?" असं कुणी विचारलंच, तर विषय बदलायचा. कारण भरता येत नव्हतं. कॅसेटवर पोरांचे वाढदिवस भरा, सहल भरा, काय वाटेल ते भरा. डिस्कवर मात्र कंपनी देईल तेवढंच बघायचं. तेच तर तिचं दुखणं होतं.

आता पंचाईत अशी, की दुकानात खराब कॅसेट सापडेना! एकेक लावून बघितली, सगळ्या ठणठणीत. शेवटी घरच्या कपाटात बहिणीच्या लग्नाची मिळाली. थोडी चालवून बघितली आणि गडी खूश. "वा, काय रेघा आहेत!" धंद्याच्या डोळ्यांना रेघाच दिसल्या. आईला न विचारता कॅसेट पिशवीत गेली. घरातली ही एकच कॅसेट एवढी कशानं झिजली, हा प्रश्न काही त्या शहाण्याला पडला नाही.

डेमो वाचनालयाच्या हॉलमध्ये होता. डिस्कवर निळाशार समुद्र उमटला, मासे पोहायला लागले, लोक "आहाहा!" करायला लागले. दोघातिघांनी भरायचं विचारलंच. रिवाइंडनं "अहो, आधी चित्र बघा, चित्र!" म्हणून त्यांना वाटेला लावलं. मग साहेबानं शेजारचा टीव्ही लावला. रेघा, मुंग्या, निळे पडलेले चेहरे. लोक हसले. रिवाइंडही हसला.

तेवढ्यात मागून पोस्टमन ओरडला, "अरे, हे तर आपले मास्तर!"

मास्तर म्हणजे रिवाइंडचे वडील. निम्म्या गावाला शिकवून, गेल्याच वर्षी गेलेले. पडद्यावर ते फाटकापाशी उभे होते आणि कॅमेऱ्यावर खेकसत होते, "माझं काय घेतोस? आत जा, पाहुण्यांचं घे!" झालं! खुर्च्या सरकल्या. "खाली बसा की पुढचे, मास्तर दिसत नाहीत!" माशांकडे बघायला कुणी उरलं नाही. हालतेबोलते मास्तर जगात तेवढेच शिल्लक होते. रोज दुपारी, तो दुकानात गेला की आई घरी काय करत असेल, ते रिवाइंडला तेव्हा कळलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई पहिल्याच रांगेत होती. ती उठली आणि दोन टीव्हींच्या मधे येऊन उभी राहिली. मासे बघितले, मास्तर बघितले.

"किती स्वच्छ दिसतंय रे यात," ती लेकाला म्हणाली. "ह्यांना याच्यात घाल ना."

साहेब डोळ्यांनी खुणावत होता, विषय बदल, विषय बदल. 'चित्र बघ, चित्र' रिवाइंडच्या अगदी ओठावर आलं होतं.

"नाही घालता येत, आई," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू गेलं. "यात आपलं काहीच भरता येत नाही. ते देतील तेवढंच बघायचं."

"मग करायचंय काय ते घेऊन?"

हॉलमध्ये हशा पिकला. साहेबानं बॅग उचलली आणि जाता जाता दात आवळून म्हणाला, "एजन्सी विसरा. मशीन न्यायला माणूस पाठवतो." रिवाइंडला वाईट वाटलंच, खोटं कशाला सांगायचं? काचेचं दार हातातून गेलं होतं. पण त्या झगझगीत समुद्राचा उजेड शेजारच्या टीव्हीच्या काचेवर पडून मास्तरांचा चेहरा आणखीच पुसट झाला होता. त्यानं जाऊन डिस्कचा टीव्ही बंद केला, आईसाठी खुर्ची ओढली आणि स्वतः तिच्या पायाशी जमिनीवर बसला.

"आवाज वाढव जरा," आई म्हणाली.