बरणी कोणी हलवली

गेल्या उन्हाळ्यात मी अमरावतीहून अकोल्याला मावशीकडे गेले, तेव्हा कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी केलेलं एक भाषांतर बरोबर होतं. वाचनालयातल्या जुन्या इंग्रजी मासिकात मला पॅलेस्टाइनमधल्या एका कुटुंबाची कथा सापडली होती. १९४८ साली घर सोडून पळालेली आजी, तंबूत वाढलेली तिची मुलगी आणि छावणीतच जन्मलेली नात. माझी शाळा इंग्रजीतली. आपलं मराठी छापण्याजोगं आहे की नाही, याचीच धास्ती होती. म्हणून मी भारदस्त प्रस्तावना लिहिली आणि कथेतला स्वयंपाकघराचा भाग गाळला.

मावशी शेजारच्या चाचींबरोबर उडदाचे पापड लाटत होती.

"काय लिहून राहिली वं? वाच ना आमाले."

नाही म्हणायचं धाडस नव्हतं. वाचलं.

"बिचारे," चाची म्हणाल्या आणि त्यांनी पुढची लाटी घेतली.

"हे तं पेपरातलं झालं," मावशी म्हणाली. "घरून निंगाली तवा ते बाई काय करून राहिली होती?"

मग गाळलेला भाग मी तोंडीच सांगितला. आजीनं त्या सकाळी ऑलिव्ह, म्हणजे बोराएवढी कडू फळं, मिठाच्या पाण्यात मुरायला घातली होती. 'आठवड्यात येते, तोवर बरणी हलवत जा,' असं शेजारणीला सांगून ती निघाली. पुढे दरवर्षी तो मोसम आला की तंबूत ती लेकीला मिठाचं माप सांगे. आता नात शाळेत मैत्रिणींशी भांडते, 'आमच्या गावच्या घरी मीठ कमीच घालतात.'

"घर पाह्यलं नाई कार्टीनं, आन् मीठ कमी म्हन्ते!" मावशी खुदकन हसली.

चाचींचं लाटणं थांबलं होतं. "मंग त्या शेजारनीनं हलवली का बरनी?"

"कथेत नाही सांगितलं."

"कायची कथा मंग! तेवढं तं सांगा लागे."

"अवं चाची, शेजारीन तरी राह्यली असंन का तिथं?"

त्यानंतरचे पापड जाडच झाले.

अमरावतीला परतून मी तो भाग घातला. संपादक असलेले सर म्हणाले, "छान आहे. पण दीड पान जास्त होतंय. ते बरणीचं वगैरे काढून टाका."

वर्गात हजेरीपलीकडे माझा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"नाही सर. प्रस्तावना काढा."

"अहो, भाषा तिथंच तर चांगली आहे!"

"हो सर. तरी काढा."

त्या प्रस्तावनेसाठी मी आठवडाभर शब्दकोश चाळला होता. सरांनी तिच्यावर लाल रेघ मारली, तेव्हा मला जराही वाईट वाटलं नाही.