शिकवण्याचा आकार वेगळा

शामरावकाका नसते तर आमच्या घरात पदवी आली नसती. महाल भागातल्या त्यांच्या बियाण्यांच्या दुकानामागच्या खोलीत राहून मी कॉलेज केलं. दुकान बंद झालं की ते मला इंग्रजी शिकवत.

काल मुलानं एका वेबसाइटच्या खर्चाचा अंदाज मला वाचायला दिला. शेवटी लिहिलं होतं, 'वापर शिकवण्याचा आकार वेगळा.' ती ओळ वाचली आणि काकांच्या सदऱ्याचा, बियाण्यांना लावायच्या औषधाचा उग्र वास आठवला.

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमारास ते रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात आले होते. दुकानाच्या हिशोबासाठी त्यांना कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम करून हवा होता. माझी नोकरी नवी, साहेब शेजारीच बसलेले. मी कामाचे दिवस मांडले, दर लावला, खाली शिकवण्याचे पैसे धरले आणि कागद पुढे सरकवला.

काका हसले. "शिकवाचे बी पैसे पडतात काय गा?"

"सगळ्यांनाच पडतात. इथला नियम आहे."

तेव्हा मला तो माझा प्रामाणिकपणा वाटला होता.

"मंग बराबर आहे. माह्यासाठी साहेबाले काही म्हणू नको," असं हळूच सांगून, काकूंनी पाठवलेला सांभारवडीचा डबा माझ्या टेबलावर ठेवून ते निघाले.

संध्याकाळी त्यांना पत्र लिहायला बसलो. काही केल्या शब्द सुचेनात. शेवटी सगळ्या गिऱ्हाइकांना जायचं तेच ऑफिसचं पत्र सही करून टाकलं :

'महोदय, आपल्या भेटीबद्दल आभारी आहोत. सोबतचा अंदाज तीस दिवस लागू राहील. आपला विश्वासू.'