काकडीचं धोंडस आणि व्हॅनिला

श्रावणात आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात दुपारी कुणाच्या तरी केकचा वास दरवळू लागला, की मी आपली दोन पायऱ्यांच्या मध्येच थबकते. लोकांना त्या वासाने वाढदिवस आठवतात, मला सासूबाई आठवतात.

त्यांच्या माहेरी, कोकणात, श्रावणात मोठ्या पिकल्या काकडीचं धोंडस व्हायचं: तांदळाचा रवा, गूळ, खोबरं आणि हळदीच्या पानाचा वास. आमच्या हेंद्रेपाड्यातल्या फ्लॅटमध्येही त्यांनी तो रिवाज वर्षानुवर्षं नेटाने चालवला. पण मग त्यांचं मनगट मोडलं आणि रवा भाजणं, घोटणं जमेना. मी उल्हासनगरच्या दुकानातून केकचं तयार पीठ आणायचं सुचवलं, तेव्हा त्या स्वतःच बरोबर आल्या. दुकानदार म्हणाला, "आंटी, सिर्फ पानी डालो, बन गया." सासूबाईंचा चेहरा पडला. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "फक्त पाणी? मग मी काय नुसती बघत बसू?"

त्यांनी मग त्या पाकिटाला माणसांत आणायचा विडाच उचलला. पाण्याऐवजी काकडीचा रस, वर काकडीचा कीस, खोबरं, गुळाचे खडे, मूठभर वेलची. गॅलरीतल्या कुंडीतली हळदीची पानं डब्याच्या तळाशी. रूप उतरलं हुबेहूब. पण व्हॅनिला काही केल्या हटेना. आणि रविवारी गावाहून त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मामा, यायचे होते, दरवर्षीसारखे, खास धोंडस खायला. "दादाला कळलं तर आयचं नाव घालवलं म्हणेल गं," असं म्हणत त्यांनी आणखी एक अख्खं जायफळ किसून घातलं.

मामा आले. पहिला घास खाऊन त्यांनी डोळे मिटले. "बाय, अगदी आयच्या हातचं!" सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. मग मामांनी पिशवीतून डबा काढला. "तुझ्या वहिनीनं पण केलंय. खाऊन बघ."

सासूबाईंनी तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि भावाकडे रोखून पाहिलं.

"दादा, वहिनीला सांग, जायफळ जास्त घाल म्हणावं. व्हॅनिला लपतो."

मामांचा हात वाटीतच राहिला. "म्हणजे तुझं पण...?"

"मनगट चालत नाही रे."

"तिचे गुडघे गेले. तांदूळ कोण भरडणार?"

मग दोघं म्हातारी भावंडं अशी हसली, की त्यांना ठसका लागेल म्हणून मला पाणी आणायला धावावं लागलं. खऱ्या धोंडसाची चव ठाऊक असलेली ती दोघंच उरली होती, आणि दोघंही एकमेकांचं मन राखायला एकमेकांना मनापासून फसवत होती. दोन्ही डबे त्यांनी संध्याकाळपर्यंत संपवले.

आता दोघंही नाहीत. धोंडस मी करते, पाकिटाचंच, भरपूर जायफळ घालून. मुलं आवडीने खातात, छान झालंय म्हणतात, आणि ते खरंही असतं. पण आजीच्या हातचं झालंय, असं प्रेमाने खोटं बोलणारं कुणी आता माझ्याकडे जेवायला येत नाही.